पाळीच्या तक्रारीवर गर्भनिरोधक गोळी का देतात? आणि ‘गोळी’ म्हणजे नेमकी कोणती?

रामबागची_वहिनी (इंदूर)

नमस्कार. आमच्या महिला मंडळाची श्रावणात आरोग्यावर बैठक आहे. बोलायला डॉक्टरीणबाई येणार आहेत. प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर मागवले, तर निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर निघाले. बैठकीआधी इथल्या जाणकारांकडून थोडं नीट समजून घ्यावं म्हणून लिहिते आहे. चिठ्ठ्यांतले प्रश्न जसेच्या तसे :

लग्न न झालेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला पीसीओडी (बीजकोशाचा, म्हणजे अंडाशयाचा, पाळी लांबवणारा विकार) म्हणून डॉक्टर चक्क गर्भनिरोधक गोळी लिहून देतात, ते का? पुढे मूल व्हायला अडचण येत नाही का? गोळी चालू असताना अंगावरून कमी जातं, मग घाण रक्त आत साचून राहतं का? वजन वाढतं, कॅन्सर होतो, हे खरं का? सहा महिने घेतली, बंद केली आणि पाळी पुन्हा लांबली, मग उपयोग काय झाला? शेवटचा प्रश्न चार जणींनी विचारलाय : गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात ती हीच गोळी का?

दवाबाजार_फार्मासिस्ट

वहिनी, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचा बराच गोंधळ तिथूनच येतो. काउंटरवर कोणी ‘ती पाळीची गोळी द्या’ म्हणालं, तर सहा वेगवेगळ्या वस्तूंपैकी कोणतीही असू शकते. एकीचे दुष्परिणाम दुसरीच्या नावावर लागतात ते असे.

रोजची संयुक्त गोळी ही पहिली. तिच्यात दोन संप्रेरकं (हॉर्मोन्स) असतात. एक एथिनिल इस्ट्रॅडिऑल, म्हणजे कृत्रिम इस्ट्रोजेन, आजच्या गोळ्यांत साधारण २० ते ३५ मायक्रोग्रॅम. दुसरं प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम संप्रेरक, त्याचे प्रकार अनेक : लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिग्रॅ, डेसोजेस्ट्रेल ०.१५ मिग्रॅ, ड्रोस्पिरेनोन ३ मिग्रॅ. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन याच जातीची, लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑलवाली. पीसीओडीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेली असते ती ही.

दुसरी तातडीची. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅ, म्हणजे माला-एनच्या दहा गोळ्यांएवढं एका घोटात. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती बीज सुटणं लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. नंतरची पाळी काही दिवस मागेपुढे होते, आणि ‘गोळीने पाळी बिघडते’ ही तक्रार बहुतेक वेळा हिची असते.

तिसरी पाळी पुढे ढकलायची, नॉरएथिस्टेरोन ५ मिग्रॅ. चौथी पाळी आणायची, बहुधा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १० मिग्रॅ, पाच ते दहा दिवस. या दोन्ही अशा घेतल्या तर गर्भनिरोधक नाहीत. ‘मी तर गोळ्या घेत होते, तरी राहिलं’ यामागे कधीकधी हेच असतं.

पाचवी छाया. लखनौच्या सीडीआरआयमध्ये शोधलेलं ऑर्मेलॉक्सिफेन, ३० मिग्रॅ. हिच्यात संप्रेरक नसतं. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, पुढे आठवड्यातून एकदा. इथे एक बारीक गोष्ट : छाया पीसीओडीसाठी नाही. पीसीओडी असेल तर ती टाळायला सांगतात. ‘संप्रेरक नाही म्हणून सुरक्षित’ असं वाटून पीसीओडीच्या मुलीला स्वतःच बदलून देऊ नका.

सहावी गर्भपाताच्या गोळ्यांचं किट. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय त्याला हात लावायचा नाही, एवढंच इथे पुरे.

म्हणून बैठकीत कोणी ‘गोळीने मला असं झालं’ म्हणालं, तर आधी गोळ्यांचा पत्ता (स्ट्रिप) बघायला मागा. मागे छापलेलं औषधाचं नाव वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका.

डॉ_स्त्रीरोग

वरचं वर्गीकरण अगदी बरोबर. आता एकोणीस वर्षांच्या मुलीचं.

पीसीओडीत बीज दर महिन्याला सुटत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. पण इस्ट्रोजेन चालूच असतं, त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं. मग दोन-तीन महिने काही नाही आणि एकदम दहा-पंधरा दिवस अंगावरून जात राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर त्या जाड अस्तरात कॅन्सरपूर्व बदल होऊ शकतात. म्हणूनच पाळी तीन महिन्यांहून जास्त लांबू देऊ नये असं आम्ही सांगतो. गोळीतलं प्रोजेस्टिन अस्तर पातळ ठेवतं. या मुलीसाठी गोळीचं पहिलं काम हे. गर्भनिरोधन तिथे केवळ सोबत येतं.

दुसरं काम पुरुषी संप्रेरकांचं. गोळीमुळे बीजकोशाला मिळणारा इशारा मंदावतो, तिथलं टेस्टोस्टेरॉन कमी होतं. शिवाय यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन जास्त बनवतं, आणि ते रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवतं. म्हणून पुटकुळ्या आणि हनुवटीवरचे केस यांवर तिचा उपयोग होतो. पण वेळ लागतो. पुटकुळ्यांना तीन महिने तरी, केसांना सहा महिने. आधीच उगवलेला जाड केस गोळीने गळत नाही, नवा केस बारीक आणि हळू येतो. ‘महिनाभर घेतली, फरक नाही’ म्हणून बंद करणं म्हणजे भात अर्धा शिजल्यावर गॅस बंद करणं.

आता ‘घाण रक्त’. हा समज काढायला सगळ्यात कठीण. पाळीचं रक्त म्हणजे शरीरातली घाण नव्हे, ते सुटलेलं अस्तर आणि त्याबरोबरचं रक्त. गोळीने अस्तर मुळात पातळच तयार होतं, म्हणून दोन चमचे जातं. साचायला आत काही असावं तर लागेल! गोळीच्या सुट्टीच्या दिवसांत जे येतं ते खरी पाळीही नाही, संप्रेरक थांबल्यावरचा रक्तस्राव आहे. तो दर महिन्याला यावाच अशी वैद्यकीय गरज नाही. काही महिने गोळी सलग घेता येते, आणि एंडोमेट्रिओसिसच्या (अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या) दुखण्यात आम्ही मुद्दाम तशीच देतो.

कमी जाण्याचा फायदा किती मोठा ते आपल्याकडे विसरलं जातं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्यांना दर महिन्याला सात-आठ दिवस गुठळ्यांसकट जातं, त्यांना नुसतं लोह देणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. पाळीत पोट दुखतं ते अस्तरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे. अस्तर पातळ झालं की तेही कमी, म्हणून कळाही कमी.

हा काही नवा उद्योग नाही. अमेरिकेत एनोव्हिड ही पहिली गोळी १९५७ मध्ये पाळीच्या तक्रारींसाठीच मंजूर झाली, गर्भनिरोधक म्हणून मंजुरी १९६० मध्ये मिळाली. त्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल हे इस्ट्रोजेन होतं. आज २० ते ३५ मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑलवर काम भागतं. आजीच्या पिढीतल्या मळमळीच्या, पाय सुजण्याच्या गोष्टी त्या जुन्या मात्रेच्या.

बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबते, कारण गोळी पीसीओडीची प्रवृत्ती घालवत नाही, तिचे परिणाम आवरते. चष्मा काढला की पुन्हा धूसर दिसतं. त्याचा दोष चष्म्याला देत नाहीत. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरवल्यावर अनेकींची पाळी आपली आपण सुधारते. ते काम गोळीच्या जोडीला चालू ठेवायचं असतं, तिच्या जागी नाही.

आणि मूल? गोळी बंद केल्यावर बहुतेकींचं बीज एक ते तीन महिन्यांत पुन्हा सुटू लागतं. वर्षाच्या आत दिवस राहण्याचं प्रमाण गोळी न घेतलेल्यांइतकंच असतं. उशीर होतो तो तीन महिन्यांच्या इंजेक्शननंतर. सरकारी कार्यक्रमातलं ‘अंतरा’ ते हेच. शेवटच्या सुईनंतर सरासरी सात ते दहा महिने लागू शकतात. ती भीती नावासकट गोळीवर येऊन बसली आहे.

एक सूचना, मुलींच्या आयांसाठी : टेस्टोस्टेरॉन, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं संप्रेरक) वगैरे तपासण्या गोळी सुरू करण्याआधी करून घ्या. गोळी चालू असताना हे आकडे कमी येतात आणि ‘आता सगळं नॉर्मल’ असा भ्रम होतो. नंतर तपासायचं तर गोळी तीन महिने बंद ठेवावी लागते.

निवृत्त_परिचारिका

डॉक्टर, आमच्या जुन्या प्रशिक्षणात शिकवायचे की सहा महिने गोळी घेतली की दोन महिने शरीराला विश्रांती द्यावी. अनेक बायका अजून तसंच करतात. ते आता चालत नाही ना?

डॉ_स्त्रीरोग

नाही चालत, उलट त्याने नुकसान होतं. रक्ताच्या गुठळीचा धोका गोळी सुरू केल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो, नंतर उतरतो. महिनाभराहून जास्त खंड पाडून पुन्हा सुरू केली की ती चढण परत नव्याने चढावी लागते. शिवाय ‘विश्रांती’च्या महिन्यातच दिवस राहतात. कारण असेल तर बंद करा, कारण नसेल तर चालू ठेवा.

वैद्यकतज्ज्ञ_माळवा

गुठळीचा विषय निघालाच आहे तर आकड्यांत सांगतो, कारण नुसत्या ‘धोका वाढतो’ने घबराट होते. दहा हजार बायका वर्षभर पाहिल्या, तर गोळी न घेणाऱ्यांत पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत गुठळी १ ते ५ जणींना होते. संयुक्त गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणात ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत त्याच हिशोबाने ४० ते ६५. म्हणजे धोका वाढतो हे खरं. पण ज्या गोष्टीला आपण ओटी भरून साजरं करतो, तिच्यापेक्षा तो कमीच आहे.

तरी काहींना संयुक्त गोळी अजिबात द्यायची नाही, आणि यात गफलत करू नये. आधी गुठळी झालेली असणं. रक्तदाब १६०/१०० किंवा वर. १४०/९० च्या पुढेही शक्यतो दुसरा उपाय शोधावा. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसणं, कारण त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. नुसती डोकेदुखी वेगळी, ही चमकवाली वेगळी, त्यामुळे ‘डोकं दुखतं का’ एवढंच विचारून भागत नाही. पस्तिशीनंतर सिगारेट ओढणं. स्तनाचा कॅन्सर, यकृताचा गंभीर आजार. अंगावर पाजणाऱ्यांना पहिले सहा आठवडे नाहीच, आणि सहा महिन्यांपर्यंत टाळलेली बरी. मोठं ऑपरेशन होऊन बरेच दिवस अंथरुणात राहायचं असेल तर चार आठवडे आधी बंद करतात.

सुरू करण्यापूर्वी खर्चिक तपासण्यांचं गाठोडं लागत नाही. रक्तदाब मोजा, वजन घ्या, आई-मावशीकडे कमी वयात गुठळी झाली होती का ते विचारा, गरज वाटली तर गर्भचाचणी. रक्तदाब तीन महिन्यांनी परत. हे मोजमाप मात्र चुकवू नका. दुकानातून परस्पर घेणाऱ्यांत नेमकं तेच राहतं.

औषधांची टक्कर : क्षयाचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर गोळी निष्प्रभ होते, ते बंद केल्यावरही चार आठवडे. फिटची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन ही औषधंही गोळीचा असर कमी करतात. उलट लॅमोट्रिजिन या फिटच्याच औषधाचा असर गोळीमुळे कमी होतो आणि फिट येऊ शकते. सर्दी-खोकल्याच्या साध्या अँटिबायोटिकने गोळी निकामी होते, हे मात्र खरं नाही.

वजनाचं : अभ्यासांत गोळीमुळे लक्षणीय वजन वाढल्याचा पुरावा सापडलेला नाही. सुरुवातीला पाणी धरून किलोभर इकडेतिकडे होतं. पीसीओडीत वजन तसंही वाढतं आणि गोळी त्याच वयात सुरू होते, म्हणून दोष तिच्या माथी.

कॅन्सरचं उत्तर ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही. पाच वर्षं घेतल्यास बीजकोशाच्या कॅन्सरची शक्यता साधारण पाचव्या हिश्श्याने घटते, पंधरा वर्षांत निम्म्यावर येते. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची दर पाच वर्षांमागे जवळजवळ एक चतुर्थांश कमी होते आणि गोळी सोडल्यावरही हे संरक्षण तीसेक वर्षं टिकतं. स्तनाच्या कॅन्सरची शक्यता गोळी चालू असताना थोडी वाढते, बंद केल्यावर हळूहळू उतरते. तरुण वयात मुळात तो आजार कमी, म्हणून प्रत्यक्ष वाढ मोजकी. पाच वर्षांपेक्षा जास्त घेणाऱ्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची शक्यताही किंचित वाढते. त्यासाठी एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची) लस आणि वेळच्या वेळी तपासणी. पूर्ण चित्र सांगायचं तर हे सगळं सांगावं लागतं.

पोटरी एका बाजूने सुजून दुखणं, छातीत कळ, अचानक धाप, आजवर कधी झालं नाही असं डोकं दुखणं, एका डोळ्याला दिसेनासं होणं : यांपैकी काहीही झालं तर पत्ता संपायची वाट पाहायची नाही. गोळी थांबवून थेट इंदूरच्या एमवाय या सरकारी इस्पितळाच्या किंवा जवळच्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जायचं, आणि तिथे गोळी घेते हे आवर्जून सांगायचं. मुली हेच लपवतात.

निवृत्त_परिचारिका

घेण्यातल्या चुका मी लिहिते, कारण औषध चांगलं आणि घेणं चुकीचं, असं फार होतं.

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर त्याच दिवसापासून भरवसा. नंतर सुरू केली तर सात दिवस कंडोमही वापरायचा. माला-एनमध्ये २१ पांढऱ्या आणि ७ तपकिरी. तपकिरीत संप्रेरक नसतं, लोह असतं. त्या ‘ताकदीच्या’ म्हणून बाजूला ठेवू नका. त्यामुळे मोजणी चुकत नाही, आणि अठ्ठाविसावी झाली की दुसऱ्याच दिवशी नवा पत्ता.

२१ च्या पत्त्यात मात्र बरोबर सात दिवस सुट्टी, आठव्या दिवशी नवा पत्ता. सर्वांत मोठी चूक इथे होते : ‘अजून जातंय, थांबलं की सुरू करते’. सुट्टी नऊ-दहा दिवस झाली की बीजकोश जागा होतो. अंगावरून जात असलं तरी आठव्या दिवशी सुरू करायचीच.

एक गोळी विसरली तर आठवल्याबरोबर घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त विसरल्या तर शेवटची विसरलेली घ्या, बाकीच्या राहू द्या, पुढच्या रोज घ्या आणि सात दिवस कंडोम. हे पहिल्या आठवड्यात झालं आणि दरम्यान संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीचं विचारा. शेवटच्या आठवड्यात झालं तर सुट्टी न घेता सरळ नवा पत्ता. घेतल्यापासून तीन तासांत उलटी झाली तर आणखी एक घ्या. पीसीओडीसाठी घेणाऱ्या मुलीला दिवस राहण्याची चिंता नसली तरी विसरल्यावर मधूनच डाग दिसतात आणि ‘गोळी लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

पहिल्या तीन महिन्यांत अधूनमधून डाग, थोडी मळमळ, छाती जड वाटणं हे चालतं. रात्री जेवणानंतर घ्या, दात घासायच्या पेल्याजवळ पत्ता ठेवा. मे महिन्यात ॲक्टिव्हाच्या डिकीत ठेवू नका. मन उदास राहत असेल तर ते मनाचे खेळ म्हणून सोडू नका, काहींना खरंच होतं. डॉक्टर दुसऱ्या प्रोजेस्टिनची गोळी देतात.

रामबागची_वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. चिठ्ठ्यांच्या मागे उत्तरं लिहूनही टाकली. फक्त गौरींचं राहिलं. पाळी पुढे ढकलायची गोळी नेमकी कशी घेतात? आणि जी मुलगी आधीच पीसीओडीची रोजची गोळी घेते, तिने काय करायचं, दोन्ही घ्यायच्या?

दवाबाजार_फार्मासिस्ट

दोन्ही नाही, वहिनी!

रोजची गोळी न घेणाऱ्यांसाठी : नॉरएथिस्टेरोन ५ मिग्रॅ दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी ‘उद्याच तारीख आहे’ म्हणून घेतलेली बहुतेक फसते, मग दिवसाला चार-पाच गोळ्या गिळल्या जातात. त्याने काही साधत नाही. पीसीओडीत तारीखच धड ठरलेली नसते, तिथे हा हिशोब आणखी अवघड. आणि हे निरुपद्रवी चॉकलेट नाही : या मात्रेत नॉरएथिस्टेरोनचा काही अंश शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्येच बदलतो. म्हणून गुठळीचा इतिहास असलेल्यांनी हीही घ्यायची नाही. दिवस राहिले असण्याची शंका असेल तर आधी चाचणी.

रोजची गोळी घेणाऱ्या मुलीने काहीच नवं विकत घ्यायचं नाही, एक पत्ता जास्तीचा सोडून. २१ चा पत्ता संपला की सुट्टी न घेता दुसऱ्याच दिवशी नवा सुरू. माला-एन असेल तर तपकिरी सात सोडून नव्या पत्त्याची पांढरी. गौरी-विसर्जन झालं की त्या पत्त्याच्या शेवटी नेहमीची सुट्टी घ्यावी, तेव्हा अंगावरून जाईल. मध्येच डाग दिसला तर घाबरू नये. जास्तीचा पत्ता मात्र श्रावणातच आणून ठेवायला सांगा, भाद्रपदात नेमका तोच ब्रँड दुकानात संपलेला असतो.

रामबागची_वहिनी

आणि मध्ये डाग दिसलाच, तर सोवळ्याचं काय, असं नक्की कोणीतरी विचारेल.

निवृत्त_परिचारिका

ते डॉक्टरीणबाईंना नका विचारू, सासूबाईंना विचारा. 😄